घरात तिघांचं एकदम बिनसलंय, आधी कुणाला दाखवू?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही नीट कळेल. तुम्ही ४६ च्या, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, चिडचिड होते, कारण नसताना रडू येतं. लेक १६ ची, अकरावीला, नीटचा क्लास, रात्री दोन-दोनपर्यंत जागी, जेवायला हाक मारली तरी वस्कन अंगावर येते. सासरे ७४ चे, दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या तेव्हापासून गप्प गप्प, आणि आता विसरायलाही लागलेत. मिस्टर म्हणतात तिघांचंही वयच तसं आहे, होईल आपोआप नीट. आणि तुम्ही विचारताय की हे आमच्या घराण्यातच आहे का, आणि आधी कुणाला दाखवू.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, वीसेक वर्षं पश्चिम महाराष्ट्रात एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतेय, त्यामुळे असं घर मला नवीन नाही. पण माणूस समोर बसल्याशिवाय निदान होत नाही, म्हणून मी इथे निदान करत नाहीये, फक्त कुठे बघायचं आणि का ते सांगतेय. बरंचसं तुमच्या घरातल्या अशा गोष्टींवर अवलंबून आहे ज्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत, त्या मी जागोजागी विचारतच जाईन.

आधी घराण्याचा प्रश्न संपवू. तुमचा आणि सासऱ्यांचा रक्ताचा संबंधच नाही, तेव्हा तिघांना जोडणारा धागा आनुवंशिकतेचा असूच शकत नाही. लेकीपुरतं म्हणाल तर हो, आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत डिप्रेशन असेल तर शक्यता इतरांपेक्षा दोन-तीन पट धरतात, पण तरीही अशा घरातल्या बहुतेकांना ते होत नाही. म्हणजे 'आमच्याकडे आहेच' असं धरून बसण्यात काही अर्थ नाही आणि 'आमच्याकडे कुणालाच नव्हतं' म्हणून निर्धास्त राहण्यातही नाही.

आता मिस्टरांचं वाक्य. ते अर्धं बरोबर आहे आणि म्हणूनच जास्त त्रासाचं आहे. पोरं ह्या वयात अशीच असतात, पाळी जायच्या वेळी बायकांचं असं होतंच, म्हातारपणी माणूस विसरणारच, ही तीन वाक्यं माझ्याकडे येणाऱ्या पेशंटना जितका उशीर करतात तितका उशीर पैशांची अडचणसुद्धा करत नसेल. साधारण निम्मे मानसिक आजार वयाच्या १८ च्या आतच सुरू झालेले असतात, म्हणजे ज्या वयात आपण 'मूडी आहे' म्हणून सोडून देतो त्याच वयात. बंगळुरूच्या निमहान्सने, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने, २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मोठा सर्व्हे केला होता, त्यात डिप्रेशन बायकांमध्ये आणि चाळीशीतल्या लोकांमध्ये जास्त दिसलं होतं, आणि आजारी असलेल्या बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. तेव्हा वयावरून एवढंच ठरतं की त्रास कुठल्या रूपात दिसेल आणि आधी कुठे शोधायचं. शोधायचंच नाही असं त्यावरून ठरत नाही.

एक गोष्ट मला तुमच्या लिहिण्यात खटकली. सासूबाई गेल्याचा उल्लेख तुम्ही फक्त सासऱ्यांच्या वाक्यात केलाय. पण त्या गेल्या तेव्हा लेक १४ ची होती, लहानपणापासून बहुतेक आजीजवळच झोपत असणार, शाळेतून आल्यावर पहिली बडबड आजीशीच होत असणार (चुकत असेन तर सांगा). आणि तुमचं काय झालं, तर घरातली दुसरी बाई गेली. पटत असेल नसेल तो भाग वेगळा, पण सकाळचा स्वयंपाक, दूधवाला, सणवार, नातेवाईकांचे फोन, सासऱ्यांच्या गोळ्या, ह्यातलं अर्धं त्या बघत होत्या, ते सगळं कुणी न सांगता तुमच्याकडे आलं. त्यात तेरावं झाल्यावर घरात कुणी त्यांच्याबद्दल बोललंच नसेल, आपल्याकडे बहुतेक घरांत असंच होतं, रडायचं ते दहा-बारा दिवस आणि मग कामाला लागायचं. माझा अंदाज असा आहे की तुमच्याकडे तीन वेगळे आजार एकदम उपटलेले नाहीत, एकच घटना तीन वयांच्या माणसांवर पडलीय आणि प्रत्येकाच्या वयाप्रमाणे तिने वेगळं तोंड घेतलंय. हा अंदाजच आहे, पण असं निघालं तर उपचार सोपे होतात, म्हणून आधी सांगितला.

आता एकेकाचं घेऊ. सासऱ्यांचं जरा सविस्तर, कारण तिथे गफलत सगळ्यात जास्त होते.

म्हाताऱ्या माणसाचं डिप्रेशन 'मला उदास वाटतं' असं क्वचितच सांगतं. गॅस होतात, पोट साफ होत नाही, अंगात ताकद नाही, पाय ओढतात, तोंडाला चव नाही, असंच ऐकू येतं. आणि विसरणं हे डिप्रेशनमध्येही होतं, नुसतं डिमेन्शियातच, म्हणजे स्मरणशक्ती हळूहळू जाण्याच्या आजारातच, होतं असं नाही. फरक कळायला मी घरच्यांना एक विचारते, विसरण्याची तक्रार कोण करतंय? डिप्रेशनवाला माणूस स्वतःच म्हणतो की मला काही आठवत नाही, माझं डोकं गेलं. डिमेन्शियात बऱ्याचदा माणूस म्हणतो मला काय झालंय, आणि तक्रार घरचे करत असतात. दुसरं म्हणजे सुरुवात, डिप्रेशनमधलं विसरणं काही आठवड्यांत-महिन्यांत दिसायला लागतं, डिमेन्शिया वर्षानुवर्षं हळूहळू सरकतो. हे काही शंभर टक्के नियम नाहीत, दोन्ही एकत्रही असतात, पण डॉक्टरला सांगायला उपयोगी पडतं.

तिसरा प्रकार मात्र लक्षात ठेवाच. कालपर्यंत बरा असलेला माणूस एक-दोन दिवसांत बरळायला लागला, संध्याकाळी जास्त, मध्येच नीट बोलतो मध्येच ओळखत नाही, दिवसा झोपतो आणि रात्री उठून दार उघडायला जातो, तर तो डिमेन्शियाही नाही आणि डिप्रेशनही नाही, त्याला डिलिरियम म्हणतात आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लघवीचं इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम कमी होणं, नवीन सुरू झालेली गोळी, बाथरूममध्ये पडून डोक्याला लागलेलं असणं, असं काहीतरी निघतं. 'वयामुळे भ्रमिष्ट झाले' म्हणून घरीच ठेवलेली माणसं ह्यात दगावतात.

तसं नसेल तर घाई नाही, पण तपासण्या करून घ्या. बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, सोडियम, साखर, हिमोग्लोबिन. शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-ट्वेल्व्ह कमी होतं, रोजची ॲसिडिटीची गोळीही त्याला हातभार लावते, आणि माणूस शाकाहारी असेल तर मग बघायलाच नको. आणि कान! टीव्हीचा आवाज वाढलाय का बघा. ऐकू कमी येणारा माणूस चारदा 'काय?' विचारतो, पाचव्यांदा विचारायची लाज वाटते म्हणून बोलणंच सोडतो, आणि घरचे म्हणतात गप्प गप्प असतात. ऐकू न येणं हे पुढे डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या आणि ज्यावर काही करता येतं अशा कारणांपैकी एक मोठं कारण मानतात, तेव्हा कानाची तपासणी म्हणजे चैन नाही.

बाकी त्यांच्या पिढीतल्या पुरुषांचं एक असतं, बाहेरच्या जगाशी त्यांचं नातं बायकोमार्फत असतं. कोणाची मुलगी बाळंत झाली, कोण आजारी आहे, कुणाकडे जायचंय, हे सगळं त्यांना घरात बसून सासूबाईंकडून कळायचं. त्या गेल्या आणि ती वाटच बंद झाली. त्यात आपण प्रेमाने म्हणतो, अण्णा तुम्ही बसा, मी करते. नका बसवू त्यांना. दुधाचा हिशोब, बँकेचं पासबुक भरणं, नातीला क्लासला सोडणं, जमेल ते एखादं काम परत त्यांच्याकडे द्या, चुकलं तर चुकू दे. ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, पारावरची चौकडी, जे तुमच्याकडे असेल तिथे पहिले काही दिवस मिस्टरांनी स्वतः नेऊन सोडायचं, नुसतं 'जात जा' म्हणून कोणी जात नाही. आणि सासूबाईंबद्दल त्यांच्याशी बोला, नाव काढलं तर त्रास होईल म्हणून टाळू नका, त्यांना दिवसभर दुसरं काही आठवतच नसतं. वर्ष उलटून गेल्यावरही दुःख पहिल्या महिन्याइतकंच ताजं असेल आणि त्यापायी रोजचं जगणं अडलेलं असेल तर त्यालाही आता वेगळं निदान आहे, वेगळे उपचार आहेत.

लेकीकडे येऊ. वयात आल्यावर शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते आणि सकाळी उठवत नाही, हा आळशीपणा नाही. ह्या वयात ८ ते १० तास झोप लागते. आणि आपण पोरांना काय दिलंय, तर पहाटेचा क्लास, संध्याकाळी टेस्ट, रविवारी रँकचा मेसेज थेट आईबापांच्या व्हॉट्सॲपवर. मोबाइलला शिव्या घालणं सोपं असतं (आणि रात्रीचा मोबाइल काढून घ्याच, पण घरातल्या सगळ्यांचा, फक्त तिचा नाही), पण झोपेचं गणितच मुळात बसत नाहीये हे मान्य करा. क्लासवाल्यांशी बोलून एखादी बॅच बदलून मिळते का, एखादी टेस्ट सोडता येते का बघा, बऱ्याच जणांनी हे विचारलेलंच नसतं.

मग मूडी कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो? ह्या वयात डिप्रेशन रडण्यापेक्षा चिडण्यातून जास्त दिसतं, म्हणून नुसत्या चिडण्यावरून ठरवता येत नाही. मी बघते ते हे की तिला जे मनापासून आवडायचं ते सुटलंय का. तुमच्यावर ओरडते पण मैत्रिणीशी फोनवर खिदळते, आवडीचं केलं तर ताट साफ करते, तर बऱ्यापैकी वयाचं आहे. मैत्रिणीही सुटल्या, जेवण तुटलं, मार्क एकदम घसरले, उन्हाळ्यातही फुल बाह्या घालते (हातावर कापून घेतलेलं लपवायला असू शकतं), 'मी नसते तर तुमचे पैसे तरी वाचले असते' असं काही बोलते, आणि हे दोन आठवडे जवळजवळ रोज चाललंय, तर थांबू नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तिचंही करा, पाळी नियमित आहे का विचारा, आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायका-मुलींना ॲनिमिया आहे आणि थकव्याला आळस म्हणायची सवय सगळ्यांना आहे. झोपच लागत नाही तरी अंगात भलताच उत्साह, कोणीतरी माझ्यावर नजर ठेवतंय असा संशय, एकटीच पुटपुटणं, ह्यातलं काही असेल तर काउन्सेलरकडे न जाता थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, मोठे आजार बऱ्याचदा ह्याच वयात पहिल्यांदा डोकं वर काढतात.

आणि तिला सरळ विचारा. 'कधी जगणं नको वाटतं का गं?' असं विचारल्याने पोरीच्या डोक्यात नसलेलं येत नाही, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय, उलट कोणीतरी विचारलं म्हणून बरं वाटतं. फक्त समोर बसवून चौकशी नको. स्कूटरवर मागे बसलेली असताना, मेथी निवडताना, डोळ्याला डोळा न भिडवता विचारलं की पोरं बोलतात. हो म्हणाली तर भाषण द्यायचं नाही, 'तुला काय कमी केलंय आम्ही' हे तर अजिबात नाही, फक्त ऐकायचं, तिला एकटं सोडायचं नाही आणि लगेच भेट घ्यायची. 'कुणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका, ते पाळता येत नाही.

इथेच एक कोरडी पण फार महत्त्वाची गोष्ट. शेती असेल आणि फवारणीचं औषध घरात किंवा गोठ्यात ठेवत असाल तर ते आजच कुलपात जाऊ दे, किल्ली एकाकडेच. उंदराचं औषध फेकून द्या, सासऱ्यांच्या गोळ्यांचा साठा तुमच्या ताब्यात ठेवा. टोकाचा विचार बऱ्याचदा काही वेळापुरताच तीव्र असतो आणि त्या वेळात हाताशी काय आहे ह्यावर सगळं ठरतं. श्रीलंकेत सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यावर आत्महत्यांचं प्रमाण खूप खाली आलं. लोकांची दुःखं काही तेव्हा संपली नव्हती, हाताशी विष नव्हतं एवढंच.

आता तुमचं. पहाटे तीनला जाग येऊन परत डोळा न लागणं, सकाळी जड आणि संध्याकाळकडे जरा बरं, हे डिप्रेशनचं अगदी जुनं ओळखीचं लक्षण आहे. पण ४६ ला आणखी एक गोष्ट चालू असते. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास थांबते, आणि त्याच्या आधीची काही वर्षं हार्मोन वरखाली होत असतात, रात्री अंगातून वाफा येतात, घामाने जाग येते, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी कशानेही रडू येतं. म्हणजे दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी येतात. वेगळं करायला मी विचारते, जाग घामाने येते का विचारांनी? पाळी पुढेमागे होतेय का, अंगावरून जास्त जातंय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेकीच्या बाळंतपणानंतर असं काही झालं होतं का? बाळंत झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं आणि दोनेक आठवड्यांत निवळणं हे खूप जणींना होतं, ते नाही म्हणत मी. पण महिनोन्महिने उदास होतात, बाळाजवळ जावंसं वाटत नव्हतं आणि सगळे म्हणाले होईल नीट, असं झालं असेल तर डॉक्टरला नक्की सांगा. काही जणींचं मन हार्मोनच्या बदलाला जास्त हलतं, त्यांना तेव्हाही त्रास होतो आणि आताही.

उपचार काय, ते तपासण्यांवर अवलंबून. थायरॉइड किंवा ॲनिमिया निघाला तर आधी तो. पाळीचाच भाग मोठा असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ हार्मोनचा विचार करतील, सगळ्यांना ते चालत नाहीत. डिप्रेशनच्या काही गोळ्या वाफांवरही चालतात, त्यामुळे एका दगडात दोन पक्षी होऊ शकतं. ह्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने घ्याव्या लागतात, लोक तिसऱ्या आठवड्यात 'आता बरी आहे' म्हणून सोडतात आणि परत येतात. ह्यांची सवय लागते ही भीती चुकीच्या गोळ्यांची आहे. सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ह्या झोपेच्या-टेन्शनच्या गोळ्यांची, आणि नेमक्या त्याच मेडिकलवाल्याकडून ओळखीवर आणून वर्षानुवर्षं खाल्ल्या जातात. तुम्ही चालू केल्या असतील तर एकदम बंद करू नका, डॉक्टरकडून हळूहळू उतरवून घ्या.

मिस्टरांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय. पन्नाशीच्या आसपासचे असतील, आई गेली ती त्यांचीच, आणि ह्या सगळ्यात त्यांचं कसं चाललंय हे कुणी विचारलेलं दिसत नाही. पुरुषांचं ह्या वयात उदास होणं घुम्मेपणात, चिडण्यात नाहीतर रोजच्या क्वार्टरमध्ये जातं. बीपी-शुगर तपासायच्या निमित्ताने त्यांनाही एकदा न्या, आणि 'वयच तसं आहे' हे ते स्वतःलाच तर सांगत नाहीत ना, ते बघा.

तर आधी कुणाला? सासरे अचानक बरळत असतील किंवा लेक मरणाचं बोलत असेल तर तो माणूस आधी, आजच, बाकी सगळं बाजूला. ह्यातलं काही नसेल तर ताई, आधी तुम्ही. हे मी त्याग-बिग करू नका वगैरे छापाचं सांगत नाहीये, हिशोबाने सांगतेय. दोघांना दवाखान्यात नेणार तुम्ही, गोळ्या देणार तुम्ही, लेकीशी शांतपणे बोलणार तुम्ही, आणि तीन तास झोपलेल्या बाईला हे जमत नाही. शिवाय तिघांत तुम्ही स्वतःहून जायला तयार आहात, ते दोघं नाहीत. तुम्ही जाऊन आलात आणि आभाळ कोसळलं नाही हे बघितलं की सासरेही तयार होतात, हे मी खूप घरांत बघितलंय. त्यांना 'मनाच्या डॉक्टरकडे' म्हणून नेऊही नका, झोपेसाठी आणि विसरण्यासाठी म्हणून न्या, ते खोटंही नाही.

कुठे जायचं ते गावावर आहे. खाजगी परवडत नसेल तर जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचाराची ओपीडी असते. मेंटल हॉस्पिटल म्हटलं की लोकांना येरवडा नाहीतर ठाणे आठवतं आणि पाय मागे येतो, पण तुमच्यासारख्या बहुतेकांना ॲडमिट व्हायची वेळच येत नाही, बाह्यरुग्ण म्हणूनच काम होतं. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. मेडिक्लेम असेल तर विचारून ठेवा, २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारासारखेच धरावे लागतात, अर्थात नुसत्या ओपीडीचा खर्च बऱ्याच पॉलिसींत कुठल्याच आजाराला मिळत नाही.

जाताना एक कागद न्या, त्यावर झोप किती वाजता लागते आणि किती वाजता उघडते ते आठवडाभराचं, पाळीच्या तारखा, आणि सासूबाई गेल्या त्याच्या आधी घरात कोण कसं होतं ते चार ओळींत. सासऱ्यांची वेळ येईल तेव्हा त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक, झोपेची, सर्दीची, डब्यात पडलेली जुनीसुद्धा, कारण त्यातली एखादी बंद केल्यावरच निम्मी सुस्ती आणि विसरणं कमी झालं असं बऱ्याचदा होतं.